पहाटेच्या गारठ्यात ड्रोन: बॅटरी बाद झाली का?

प्रश्न: निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. कडाक्याच्या थंडीत मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. त्याचं चित्रीकरण करायला ड्रोन उडवला. पारा ६ अंशांवर, वर धुकं. बॅटरी ५८ टक्के असताना 'व्होल्टेज कमी' असा इशारा आला आणि ड्रोन आपोआप उतरू लागला. घरात आणल्यावर लेन्सवर वाफ धरली. नवी बॅटरी घ्यावी का?
— एक वाचक, निफाड

उत्तर: एवढ्यात घेऊ नका. बॅटरी रात्रभर ओट्यावर किंवा गाडीत होती का, ते आधी आठवा. माझी होती. दोन वर्षांपूर्वी पिंपळगावकडे एका लग्नाच्या कामाला गेलो, गाडीत गारठलेली बॅटरी तशीच लावली आणि ड्रोन सरळ वर चढवला. ४० टक्के चार्जिंग शिल्लक असताना तो शेततळ्यात गेला. आजही तिथून जाताना पोटात कालवतं.

लिथियम बॅटरी गार पडली की आतली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो. मोटारींनी एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. चार्ज असतो, पण तो हवा त्या वेगानं बाहेर पडत नाही. म्हणून थंडीत टक्क्यांवर विसंबू नका, स्क्रीनवर व्होल्टेज दिसत असेल तर ते बघा. बॅटरीतला पूर्ण भरलेला एकेक सेल ४.२ व्होल्टच्या आसपास असतो, मी सेलमागे ३.५ दिसलं की परततो.

बॅटऱ्या रात्री घरात ठेवा, बागेत जाताना स्वेटरच्या आतल्या खिशात. उडवल्यावर मिनिटभर डोक्याइतक्या उंचीवर तरंगू द्या, करंट वाहिला की बॅटरी आतून कोमट होते. मग सावकाश चढवा. गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगलाही लावू नका. कोमट बॅटरीवरही हाच इशारा आला किंवा ती फुगलेली दिसली, तर मात्र ती बदलायलाच हवी.

धुक्याचं दुखणं मोठं आहे. धुकं म्हणजे हवेत तरंगणारं पाणी, आणि आपले बहुतेक ड्रोन पाणी सोसणारे नसतात. थेंब सेन्सरवर बसले की समोर अडथळा आहे असं समजून ड्रोन अडतो. पारा शून्याकडे गेला तर पात्यांवर बर्फही धरतो. पातं पुसून बोट फिरवा, खरखरीत लागलं तर उडवू नका. धूर उंचावरून छान दिसतो हे मान्य, पण धुक्यात ड्रोन नजरेआड झाला तर तो कुठं उतरला हे शोधत बसाल. धुकं विरळ होऊ द्या. शेकोटीच्या अगदी डोक्यावरही नेऊ नका.

वाफ धरते ती घरातल्या उबदार, दमट हवेमुळे. बागेतच ड्रोन झिपच्या पिशवीत बंद करा, बॅटरी काढून. घरी आल्यावर तासभर पिशवी उघडू नका, दव पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरेल. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. तांदळाच्या डब्यात मात्र अजिबात नको, त्याचा भुसा गिंबलमध्ये, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागात जातो.