जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर वाढवायचा म्हणून केस रिपोर्ट बंद करावेत का?

तुम्ही लिहिलंय की त्वचारोगाच्या एका जर्नलचं संपादकपद नुकतंच तुमच्याकडे आलंय, वर्षाला चार अंक निघतात ते सहा करायचा विचार आहे आणि पब्लिशर म्हणतोय केस रिपोर्ट, म्हणजे एखाद-दुसऱ्या पेशंटची हकीकत सांगणारे छोटे लेख, बंद केले की इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा) वर जाईल, तर करावेत का. चाराचे सहा करण्याबद्दल माझं फार काही म्हणणं नाही, ॲक्सेप्ट झालेले पेपर वर्ष वर्ष पडून राहत असतील तर करा, नसतील तर नको, उगाच अंक भरायला हाताला लागेल ते छापावं लागतं. पण केस रिपोर्टचं वाचून राहवलं नाही. अशाच एका जर्नलमध्ये मी सहा वर्षं तो सेक्शन सांभाळला आणि तो बंद झाला तेव्हा मी त्याच खोलीत बसलो होतो.

पब्लिशरचं गणित चुकीचं नाही, हे आधीच सांगतो. मागच्या दोन वर्षांत १०० लेख छापले आणि यंदा त्यांना १५० सायटेशन, म्हणजे इतर लेखांत संदर्भ, मिळाली तर इम्पॅक्ट फॅक्टर १.५. त्या शंभरात ४० केस रिपोर्ट असतील आणि त्यांना सगळ्यांना मिळून १० च सायटेशन असतील तर ते काढून टाका, उरले ६० लेख आणि १४० सायटेशन, झाला २.३३. एकही जास्तीचा चांगला पेपर न छापता! आमच्या सरांनी, म्हणजे मुख्य संपादकांनी, मीटिंगमध्ये हेच एक्सेलमध्ये दाखवलं होतं, केस रिपोर्टच्या सगळ्या ओळी लाल करून. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण.

आता त्याच वेळी रांगेत काय होतं ते ऐका. एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या एका डॉक्टरचा रिपोर्ट आलेला, एकच औषध घेतलेले तीन पेशंट आणि तिघांनाही एकाच पद्धतीचे फोड, एकाच जागी. फोटो भयंकर होते, एकात फोडाशेजारी शाळकरी पोराची पट्टी धरलेली आणि खाली डॉक्टरचा स्वतःचा बूट दिसतोय. पण तारखा चोख होत्या, औषध कधी सुरू केलं, पुरळ कितव्या दिवशी आलं, बंद केल्यावर कितव्या दिवशी गेलं, आणि एका पेशंटने चुकून परत घेतलं तर परत तेच, म्हणजे बोट सरळ औषधाकडे. या धंद्यात हे शेवटचं वाक्य वाचलं की माणूस खुर्चीत सरळ बसतो. मी रिव्हिजन मागितली, बायोप्सीचे फोटो पुन्हा काढा, केअर गाइडलाइनप्रमाणे (केस रिपोर्ट कसा लिहावा याचे नियम) टाइमलाइनचा तक्ता द्या, एक कन्सेंट राहिलाय तो पाठवा. अकराव्या दिवशी सगळं आलं, फोटोंसकट. आणि मग मीटिंग झाली, सेक्शन बंद, पेंडिंग असलेलेसुद्धा परत पाठवा म्हणून आदेश. मी तोच ठरलेला मजकूर पाठवला, आपल्या लेखाचं महत्त्व आम्ही नाकारत नाही परंतु सध्याच्या प्राधान्यक्रमात तो बसत नाही वगैरे. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: मग रिव्हिजन कशाला मागितली?

मी त्याला उत्तर दिलं नाही.

दोनेक वर्षांनी दुसऱ्या एका जर्नलमध्ये त्याच औषधाची त्याच फोडांची मोठी सिरीज, म्हणजे बऱ्याच पेशंटचा एकत्र लेख, आली, आधी कुठेही नोंद नाही असं छातीठोकपणे लिहिलेलं. आमच्या जर्नलने त्या विषयावर रिव्ह्यू लिहून घेतला, त्यात तीच सिरीज सायटेशनला, आणि सर मलाच विचारतात की हे आपल्याकडे कसं नाही आलं. आलं होतं सर, म्हटलं. त्यांना आठवलंच नाही.

सरांचा मुद्दा असायचा की केस रिपोर्ट हा पुराव्याच्या उतरंडीत सगळ्यात खाली, सीरियस जर्नलला शोभत नाही. अहो, स्किनवाल्याने तरी हे बोलू नये. १९८१ मध्ये एड्सला नावसुद्धा नव्हतं तेव्हा तरुण पुरुषांमधला कापोसी सार्कोमा (त्वचेवर दिसणारा कॅन्सर, पुढे एड्सची खूण ठरलेला) अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीच्या जर्नलमध्ये त्याच वर्षी छापून आला होता आणि ते जर्नल तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं होतं. थॅलिडोमाइड, म्हणजे गरोदरपणी घेतलं की बाळांत व्यंग आणणारं औषध, त्यावर मॅकब्राइड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९६१ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलला लिहिलेलं पत्र एवढंसं होतं आणि त्याच्या शेवटी वाचकांनाच विचारलं होतं की तुम्ही अशी बाळं पाहिलीत का. रँडमाइज्ड ट्रायलची (चिठ्ठ्या टाकून पेशंटचे गट पाडून केलेल्या मोठ्या चाचणीची) वाट बघत बसायचं होतं का मग? आणि ज्या आकड्यासाठी हे चाललंय तो इम्पॅक्ट फॅक्टर काढणाऱ्या गारफिल्ड यांनी मुळात त्यांच्या सायटेशन इंडेक्समध्ये (संदर्भांच्या सूचीत) कुठली जर्नल घ्यायची ते निवडायला काढला होता, संपादकाची लायकी मोजायला नाही.

मधला मार्ग विचाराल तर दोन आहेत. एक म्हणजे केस रिपोर्टसाठी वेगळं भावंड जर्नल काढायचं, ॲकॅडमीवाल्यांनी २०१५ मध्ये तेच केलं, बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलने तर २००८ लाच. वाईट नाही, पण अशा ठिकाणी बऱ्याचदा लेखकाला किंवा त्याच्या संस्थेला पैसे भरावे लागतात आणि माझा तो बूटवाला डॉक्टर ते भरणार नाही. दुसरा म्हणजे ६०० शब्द, दोन फोटो, आणि लेटर म्हणून छापा. लेटर भागाकारात खाली, म्हणजे लेखांच्या संख्येत, सहसा धरत नाहीत आणि त्याला मिळालेलं सायटेशन वर धरतात, म्हणजे पब्लिशर पण खूश. लबाडी वाटते ना? वाटू दे, नियम आपण केलेले नाहीत. मात्र लेखकांना आमच्याच जर्नलला साइट करा म्हणून दम देणं हा प्रकार करू नका, सेल्फ सायटेशन फार झालं की इम्पॅक्ट फॅक्टरच्या यादीतूनच काढतात.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. आलेल्या दहातले आठ केस रिपोर्ट खरंच टाकाऊ असतात. 'जगातली पहिलीच केस' याचा अर्थ बहुतेक वेळा सर्च नीट केला नाही एवढाच असतो, आणि प्रमोशनसाठी दोन पेशंटमागे नऊ लेखक बसवलेले मी पाहिलेत. छोटं पत्र धोक्याचंही असतं, १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ओपिऑइडचं (अफूच्या जातीच्या वेदनाशामकांचं) व्यसन क्वचितच लागतं असं पाच वाक्यांचं पत्र आलं आणि पुढे ते ६०० हून जास्त वेळा साइट झालं, बहुतेकांनी ते हॉस्पिटलमधल्या पेशंटपुरतं होतं हे न सांगता. मॅकब्राइड पण पुढे १९९३ मध्ये दुसऱ्याच एका औषधाच्या कामात फसवणूक केली म्हणून दोषी ठरले. आणि हो, आमचा इम्पॅक्ट फॅक्टर सेक्शन बंद केल्यावर वाढला, सरांनी केक आणला होता.

रिव्ह्यूअर, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणारे, मात्र आटले. आमच्याकडचे निम्मे तरुण रिव्ह्यूअर म्हणजे कधीतरी आमच्याकडेच पहिला केस रिपोर्ट छापून आलेली पोरं होती, तो दरवाजा बंद झाल्यावर नवीन कोण येणार आणि फुकटात कोण वाचणार. हे कुठल्याही एक्सेलमध्ये येत नाही.

तरीही तुमचं बंद करायचंच ठरलं तर तारीख आधी जाहीर करा आणि रांगेतले पेपर निकालात काढल्याशिवाय कुलूप लावू नका, रिव्हिजन मागितलेले तर अजिबात परत पाठवू नका. सरांना मी हे मेलवर लिहिलं होतं, मीटिंगनंतर तीन दिवसांनी. मीटिंगमध्ये बोललो नाही.