‘गोरी गोरी पान’मधलं पान कुठलं?

नावात रंग असलेल्या मराठी गाण्यांची यादी करताना पडलेले हे प्रश्न आहेत. ‘गोरी गोरी पान’मधलं पान झाडाचं की विड्याचं? ‘हिरवे हिरवे गार गालिचे’ यातले गालिचे थंड आहेत का? ‘श्रावणात घन निळा बरसला’ लिहिताना घन आणि निळा जोडायचे की तोडायचे? आणि ‘जांभुळपिकल्या झाडाखाली’ या यादीत बसतं का?

पानापासून सुरुवात करू. गदिमांच्या या गाण्यातलं पान झाडाचं नाही आणि विड्याचंही नाही. मूळ शब्द ‘गोरीपान’. त्यातल्या ‘गोरी’ची द्विरुक्ती झाली आणि ‘पान’ शेवटी राहिलं. मस्तानी विडा खायची तेव्हा पानाचा लाल रस तिच्या गळ्यातून उतरताना दिसायचा, ही आख्यायिका इथे हमखास सांगितली जाते. आख्यायिका छान आहे, पण ओळीचा अर्थ लावायला तिची गरज नाही. त्याच ओळीत पुढे ‘फुलासारखी छान’ आहे. जिथे उपमा द्यायची तिथे कवीने ‘सारखी’ घातलंय. पानाला ते नाही. ‘गोरापान मुलगा’, ‘गोरेपान पाय’ म्हणताना कोणाच्या डोळ्यासमोर पान येत नाही. इथे ‘पान’चं काम एकच, गोरेपणाला जोर देणं. आणि ते गोऱ्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही रंगाला लागत नाही. पांढरापान कागद कोणी म्हणत नाही.

‘गार’चंही तेच. ‘थंडगार’मध्ये गार म्हणजे थंड, ‘हिरवागार’मध्ये नुसता जोर. शंका असेल तर हिरवीगार मिरची चावून बघा.

या जोर देणाऱ्या शब्दांची गंमत अशी की प्रत्येकाचा रंग ठरलेला असतो, आणि बऱ्याचदा वस्तूसुद्धा. लालाचंच बघा. रागाने चेहरा होतो लालबुंद, रडून डोळे होतात लालबुंद. ओठ, पोपटाची चोच, म्हणजे लहान आणि गोड वाटणाऱ्या गोष्टी लालचुटुक. लालभडकमध्ये मात्र किंचित नापसंती असते. डोळ्यांवर येणारी साडी लालभडक. काळ्यात तर फरक आणखी ठळक आहे. केस, डोळे आणि कसदार जमीन काळीभोर, आणि ही स्तुती आहे. अंधार काळाकुट्ट. चकाकी असेल तर काळाकुळकुळीत. कातळ किंवा दांडगा माणूस काळाकभिन्न, कारण त्या शब्दात आकार आणि थोडी भीती दोन्ही आहेत. प्रेयसीच्या केसांना ‘काळेकुट्ट’ म्हणणाऱ्या गीतकाराचं गाणं तिथेच पडेल. पांढऱ्याचंही तसंच: धुतलेलं धोतर पांढरंशुभ्र, घाबरलेल्याचा चेहरा पांढराफटक. शेत हिरवंगार असतं, पण चुडा हिरवाकंच म्हटला की जास्त शोभतो. पाणी आणि आकाश निळंशार.

यातले काही शब्द मुळात त्याच रंगाचं दुसरं नाव आहेत. पांढराशुभ्रमधलं ‘शुभ्र’ संस्कृत, अर्थ पांढराच. पिवळाजर्दमधलं ‘जर्द’ फारसी, अर्थ पिवळा. म्हणजे पिवळाजर्द हा अक्षरशः पिवळापिवळा झाला. जर्दाळूतही हाच जर्द आहे. पिवळाधमकमधल्या ‘धमक’ला मात्र असं स्वतंत्र रंगनाम व्हायची मुभा नाही, ‘धमक साडी’ म्हणता येत नाही, ‘शुभ्र साडी’ म्हणता येतं.

आता जोडून लिहायचं की तोडून. गद्यात जोडूनच: हिरवागार, गोरापान, काळाभोर. कारण विकार, म्हणजे रूपातला बदल, फक्त पहिल्या भागाला होतो, दुसरा जागचा हलत नाही. हिरवागार डोंगर, हिरवीगार वेल, हिरवंगार शेत, हिरव्यागार शेतात. द्विरुक्तीही पहिल्याच भागाची होते. ‘गोरी गोरी पान’ चालतं, ‘काळे काळे भोर’ चालतं, पण ‘गोरी पान पान’ म्हणून बघा, जीभच अडते. गाण्याच्या नावात तीन शब्द सुटे छापतात ते ठीक आहे, तालासाठी तशी फोड लागते. तीच फोड गद्यात आणून ‘हिरवे गार शेत’ लिहिलं की मात्र वाचणारा क्षणभर थंडाव्याकडे जातो.

बालकवींच्या ‘फुलराणी’तल्या त्या ओळीपुढची ओळ ‘हरित तृणांच्या मखमालीचे’ अशी आहे. एकच रंग लागोपाठ दोनदा आलाय, एकदा घरच्या कपड्यात आणि एकदा संस्कृताच्या. ‘हिरवे’ला लिंगवचनाचा विकार आहे, ‘हरित’ला काहीच नाही. मराठीतल्या रंगनामांचे सरळ दोन गट पडतात. हिरवा, पिवळा, निळा, काळा, पांढरा, तांबडा, जांभळा, भगवा, गोरा, सावळा हे आकारान्त शब्द नामाप्रमाणे बदलतात. लाल, गुलाबी, केशरी, पोपटी, राखाडी, अबोली, शुभ्र, हरित हे ढिम्म हलत नाहीत. ‘शुभ्र तुरे माळून आल्या निळ्या निळ्या लाटा’ या एका नावात दोन्ही गट शेजारी बसलेत: शुभ्र तसाच, निळा मात्र ‘निळ्या’.

हे ‘निळ्या’ रूप नीट पाहण्यासारखं आहे, कारण चुका इथेच होतात. ‘निळ्या लाटा’मध्ये ते स्त्रीलिंगी अनेकवचन आहे. ‘काळ्या मातीत’मध्ये ‘काळ्या’ हे सामान्यरूप आहे, पुढे विभक्तीचा प्रत्यय आल्यामुळे झालेलं. दिसायला रूप एकच, कारण वेगळं. आणि नपुंसकलिंगी अनेकवचन यांपैकी कशासारखंच नाही: हिरवी पानं, निळी फुलं. ‘हिरवे पाने’ आणि ‘पिवळे फुले’ सध्या सर्रास दिसतात, दोन्ही चूक. ‘पांढरे केस’ बरोबर, कारण केस पुल्लिंगी.

घन निळ्याकडे वळू. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांचं संगीत, लता मंगेशकरांचा आवाज. गाताना घन आणि निळा यांच्यामधली जागा ऐकू येत नाही, त्यामुळे कानाचा उपयोग नाही. व्याकरणाचाही फारसा नाही. सुटं लिहिलं तर ‘घन’ हे नाम, म्हणजे ढग, आणि ‘निळा’ हे त्याच्या मागे टाकलेलं विशेषण. जोडलं तर ‘घननिळा’, ढगासारखा निळा, म्हणजे कृष्ण. ‘बरसला’ हे पुल्लिंगी एकवचनी क्रियापद दोघांनाही चालतं. मग निवाडा करायचा तो पुढच्या शब्दांवरून, आणि तिथे ‘रिमझिम रेशीमधारा’ आहेत. धारा ढगाच्या. म्हणून सुटं लिहावं. कृष्णाची सावली ओळीवर पडते ती पडू द्यावी, ती कवीला नको असेल असं वाटत नाही. पण लेखनात ढग आधी.

याउलट माणिक वर्मांच्या आवाजातलं ‘घननिळा लडिवाळा’. त्यात पुढे ‘झुलवू नको’ आहे, म्हणजे कोणाला तरी थेट हाक मारली आहे. इथला ‘घननिळा’ हा विशेषणाचा आकारान्त नाही, ‘घननीळ’ या नामाचं संबोधन आहे, देवचं ‘देवा’ होतं तसं. त्यामुळे तो जोडूनच. दोन गाण्यांत हुबेहूब तीच अक्षरं, पण वाट वेगळी.

ऱ्हस्वदीर्घाचंही इथेच उरकून घेऊ. नीळ, घननीळ यांत नी दीर्घ, कारण शेवटचं अक्षर अकारान्त आहे आणि तेव्हा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, इकार दीर्घ होतो. शेवटी दुसरा स्वर आला की तो ऱ्हस्व होतो: निळा, निळी, निळ्या, निळाई. कपड्यांना घालायची नीळ, पण निळीची पुडी. ‘नीलिमा’, ‘नीलकंठ’ हे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, असल्यामुळे दीर्घच राहतात. त्यांच्याकडे बघून लोक ‘नीळा’ लिहितात. प्रमाणलेखनात ते बसत नाही.

द्विरुक्तीबद्दल थोडं. ‘निळ्या निळ्या लाटा’मध्ये लाटा पुष्कळ आहेत, प्रत्येक निळी. वस्तू एकच असली की हीच द्विरुक्ती भाव वाहते. सुधीर मोघ्यांची ‘सांज ये गोकुळी सावळी सावळी’ बघा. सांज एकच, आणि दुसऱ्या ‘सावळी’ने रंग गडद होत नाही, हळूहळू पसरतो. म्हणून ‘सावळीगर्द’ असं काही रचलं असतं तर संध्याकाळ उतरलीच नसती, एकदम रात्र झाली असती. रंगांत ‘सावळा’ थोडा वेगळा आहे: कातडीलाही चालतो, सावलीलाही, संध्याकाळीलाही. ‘गोरा’ला ती मुभा नाही. गोरी साडी नसते, गोरी भिंत नसते. गोरेपण माणसाचंच. तांबडा याच्या उलट दिशेने जातो. तो माती, रस्सा, उगवतीचं आकाश यांचा शब्द, अंगकांतीसाठी सहसा न वापरला जाणारा. अलीकडे गाजलेल्या ‘तांबडी चामडी’ या नावात जो झणका आहे तो यामुळेच. ‘लाल चामडी’ म्हटलं असतं तर यमकही गेलं असतं आणि उन्हात रापलेला रंगही.

रंग फिका करणारे प्रत्यय मात्र गाण्यांच्या नावांत फारसे येत नाहीत. निळसर, लालसर, तांबूस हे बिनपक्षपाती आहेत, ते कवितेत खपतात. ‘ट’वाल्यांना नाराजी चिकटलेली असते: पिवळट डाग, काळपट भांडं. आणि ‘हिरवट’ माणसाला लावला, विशेषतः वयस्कर माणसाला, तर तो रंग उरतच नाही, सरळ चारित्र्यावर शेरा होतो.

विठ्ठल वाघांच्या ‘काळ्या मातीत मातीत तिफन चालते’मध्ये द्विरुक्ती रंगाची नाही, मातीची आहे, आणि ते अचूक आहे. तिफन म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार. ते मातीत, मातीत, ओळीने पुढे सरकतं. ‘काळ्या काळ्या मातीत’ म्हटलं असतं तर नजर रंगावर थांबली असती, चाल थांबली असती. शिवाय गावच्या बोलीत ‘काळी’ हे एकट्यानेच नाम आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण, जिथे घरं असतात. ‘काळी आई’ म्हणतात ती हीच. त्यामुळे ग्रामीण गाण्यात नुसती ‘काळी’ भेटली तर आधी पुढेमागे शेत आहे का बघावं, बाई नंतर शोधावी.

असे रंग मराठीत नामात मुरून बसलेले पुष्कळ सापडतात. ढवळा म्हणजे पांढरा, संस्कृत धवलवरून. तो आता बैलाच्या नावापुरता उरलाय. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत तर दुहेरी रंग आहे, कारण ‘वाण’ म्हणजे वर्ण, रंगच. हाच धवल मराठी गाण्याच्या अगदी आरंभालाही आहे. तेराव्या शतकातल्या महानुभाव कवयित्री महदंबेचे ‘धवळे’ म्हणजे लग्नात वराला उद्देशून गायची गाणी, आणि तिला मराठीची आद्य कवयित्री मानतात. धवल हे अशा मंगलगीतांचं जुनं नाव. नावात रंग असलेल्या गाण्यांची यादी कालक्रमाने लावायची असेल तर धवळ्यांना पहिला नंबर द्यायला हरकत नाही, जरी गाणाऱ्यांच्या मनात तेव्हा रंग नसला तरी.

‘जांभुळपिकल्या झाडाखाली’ यादीतून काढावं. ‘जैत रे जैत’ (१९७७) या चित्रपटातल्या ना. धों. महानोरांच्या या गाण्यात जांभूळ हे फळ आहे. जांभुळपिकलं झाड म्हणजे ज्यावर जांभळं पिकली आहेत ते झाड. रंगाचं विशेषण असतं तर ‘जांभळ्या झाडाखाली’ झालं असतं, आणि जांभळीचं झाड काही जांभळं नसतं. समास असल्यामुळे ‘जांभुळपिकल्या’ जोडून लिहिणं बरं. तोडलं की ‘जांभूळ’ वेगळं पडतं आणि मग ‘पिकल्या’ कोण, असा प्रश्न उरतो.

यादी संगणकावर करत असाल तर ‘गोऱ्या’, ‘पांढऱ्या’ यांतल्या ऱ्याकडे लक्ष द्या. साधा र, हलन्त आणि य दाबलं की ‘गोर्या’ उमटतं, आणि ते ‘सूर्या’तल्या रफारासारखं वाचलं जातं. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, इतका फरक पडतो. बरोबर ऱ्या दोन तऱ्हांनी टंकता येतो: नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही बहुधा सारखेच दिसतात, पण आत साठवलेली चिन्हं वेगळी असल्यामुळे एका पद्धतीने शोधलेलं दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं गाणं सापडत नाही. अख्ख्या यादीत एकच पद्धत ठेवा, शक्यतो नुक्त्याच्या ऱची, आणि इतरत्रून चिकटवलेली नावं ‘शोधा आणि बदला’ देऊन एकदा त्याच पद्धतीत आणून घ्या.