जाम झालेला ऑइल फिल्टर: आधी दिशा, मग पकड, ताकद शेवटी

तुम्ही लिहिले आहे की घरीच इंजिन ऑइल बदलायला घेतले, जुने ऑइल काढून झाले, पण फिल्टर हाताने हलत नाही, पट्ट्याचा पाना त्यावरून घसरतो, आणि आता फिल्टरमधून आरपार स्क्रूड्रायव्हर ठोकून तो फिरवण्याचा सल्ला तुम्हाला मिळाला आहे. तो स्क्रूड्रायव्हर तूर्त बाजूला ठेवा. अजून तुमचा फिल्टर शाबूत आहे, म्हणजे अगदीच काही जमले नाही तर ड्रेन नट (ऑइल काढण्याच्या भोकाचा बोल्ट) परत लावून, नवे ऑइल भरून गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेता येईल. फिल्टरला एकदा भोक पडले की ही सोय संपते, आणि पत्रा फाटूनही फिल्टर सुटला नाही तर पाना लावायला धड डबाही उरत नाही.

सर्वांत आधी दिशा तपासा. हे सांगणे पोरकट वाटेल, पण मी स्वतः एकदा अर्धा तास घाम गाळून फिल्टर आणखी घट्ट करून ठेवला होता, आणि तेव्हा गाडीवर हात बसून बरीच वर्षे झाली होती. फिल्टरच्या बंद बुडाकडे समोरून पाहिले, तर तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. गाडीखाली झोपून वर पाहताना, फिल्टर खाली लोंबत असेल, तर यात काही गोंधळ होत नाही. मात्र बॉनेट उघडून वरून हात घातला आणि फिल्टरचे बूड तुमच्यापासून लांब, जमिनीकडे असले, तर सुटण्याची तीच दिशा तुम्हाला काट्यांप्रमाणे फिरताना दिसते, आणि सवयीचा हात नेमका उलटा जोर लावतो. नव्या फिल्टरच्या बुडावर खडूने उलट्या दिशेचा बाण काढा, तो जुन्याच्या शेजारी अगदी त्याच स्थितीत धरा आणि बाण कुठे वळतो ते पाहून मगच पाना लावा.

फिल्टर जाम होतो तो सहसा आट्यांमुळे नाही. आटे सतत ऑइलमध्ये भिजलेले असतात, तिथे गंज धरायला वाव नसतो. अडवून धरते ती तोंडाची रबरी रिंग. मागच्या वेळी ती कोरडीच बसवली असेल, किंवा फिल्टर हाताऐवजी पान्याने आवळला असेल, तर इंजिन शेकडो वेळा तापून गार होता होता ते रबर धातूला चिकटून बसते. म्हणूनच गंज सोडवणारा स्प्रे बाहेरून मारण्याचा इथे फारसा उपयोग होत नाही. उलट डबा बुळबुळीत होऊन पाना अधिकच घसरतो.

तुमची खरी अडचण पकडीची आहे, असे वर्णनावरून वाटते. डब्यावरचा ऑइलचा ओघळ आधी पुसा आणि ब्रेक क्लीनर किंवा तत्सम तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने पत्रा पूर्ण कोरडा करा. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी, खरखरीत बाजू डब्याकडे करून, डबा आणि पान्याचा पट्टा यांच्यामध्ये घाला. पट्टा डब्याच्या मध्यावर लावू नका, कारण तिथला पत्रा पातळ असल्यामुळे तो चेपतो आणि पकड सैल पडते. इंजिनाच्या बाजूला, जिथे पत्रा जाड तबकडीवर दुमडलेला असतो, तिथेच तो आवळा. दांड्यावर एकसारखा वाढता जोर देण्यापेक्षा हातोडीच्या बेताच्या ठोक्यांनी दिलेले छोटे हिसके चिकटलेले रबर लवकर सोडवतात. डबा थोडा चेपला तरी हरकत नाही, तो टाकूनच द्यायचा आहे. एक मोह मात्र टाळा: फिल्टर कोमट असताना सोपा सुटतो हे खरे असले, तरी तुमचे ऑइल आता काढलेले आहे, तेव्हा त्यासाठी इंजिन चालू करू नका. पुढच्या वेळी इंजिन थोडे चालवून बंद करा, १० ते १५ मिनिटे थांबा, आणि ड्रेन नटला हात लावण्याआधी फिल्टर सैल होतो की नाही ते पाहा.

एवढे करूनही पट्टा घसरला, तर पाना बदला. बुडावरच्या कंगोऱ्यांवर बसणारा कप पाना चांगला, पण व्यास आणि कंगोऱ्यांची संख्या तंतोतंत जुळली तरच. अन्यथा तो कंगोरे गोल करून टाकतो. चोहीकडे मोकळी जागा असेल तर माझी पसंती तीन पंजांच्या पान्याला आहे, कारण जितका जोर वाढतो तितके त्याचे पंजे आत आवळत जातात. साखळीचा पाना पत्र्यात रुततो आणि सहसा निराश करत नाही. मात्र कोणत्याही पान्याला लांबलचक नळी जोडून जोर वाढवू नका. बऱ्याच इंजिनांत फिल्टर बसतो तो भाग ॲल्युमिनियमचा असतो आणि तो तडकला तर खर्च फिल्टरवर भागत नाही.

स्क्रूड्रायव्हरची पाळी आलीच, तर तो इंजिनाच्या बाजूपासून साधारण दोन बोटे अंतर सोडून ठोका, कारण त्याहून जवळ मधोमध आट्यांचा पोकळ खांब आत आलेला असतो. खाली घमेले ठेवा. भोक पडताच आत उरलेले ऑइल भळकन बाहेर येते. डबा फाटून नुसती तबकडी राहिली, तर बोथट छिन्नी तिच्या कडेवर तिरकी टेकवून सुटण्याच्या दिशेने हलके ठोके द्या आणि जागा बदलत गोल फिरत जा. छिन्नीचे टोक रिंग टेकते त्या सपाट भागाला लागू देऊ नका, तिथला आडवा ओरखडा कायमची गळती देतो.

फिल्टर निघाल्यावर त्याचे तोंड पाहा. रबरी रिंग त्याच्यासोबत आली नसेल तर ती इंजिनालाच चिकटलेली आहे. तिच्यावर दुसरी रिंग बसली की इंजिन चालू होताच दाबाने ऑइल बाहेर फेकले जाते. आट्यांचा खांबही कधी कधी फिल्टरसोबत निघून येतो, तेव्हा तो जुन्या फिल्टरबरोबर कचऱ्यात जाऊ देऊ नका. बसण्याची जागा फडक्याने पुसा, नव्या रिंगला बोटाने ताजे ऑइल लावा, फिल्टर हाताने फिरवून रिंग टेकल्याचे जाणवले की तिथून पुढे साधारण पाऊण फेरा द्या. खोक्यावर वेगळे लिहिले असेल तर तेच प्रमाण माना.

तुमच्या इंजिनात पत्र्याच्या डब्याऐवजी प्लास्टिकच्या झाकणाखाली कागदी फिल्टर असेल, तर वरचे पुष्कळसे लागू होत नाही. तिथे साखळी, पंजे आणि हातोडी वर्ज्य. फक्त नेमक्या मापाचा कप पाना वापरा, ओ-रिंग नवी घाला आणि झाकणावर छापलेल्या टॉर्कइतकेच (पिळाच्या जोराइतकेच) आवळा. हा आकडा बहुतेक वेळा २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो.

ऑइल भरून इंजिन चालू केल्यावर डॅशबोर्डवरचा ऑइलच्या दाबाचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद करा. मिनिटभर चालवून फिल्टरच्या तोंडाशी उजेड पाडून पाहा, मग इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकवर (ऑइल मोजण्याच्या खुणेच्या पट्टीवर) पातळी तपासा. पहिल्या फेरीनंतर तिथे कोरडे फडके फिरवा, आणि ते कोरडेच निघाले तर फिल्टरला खात्रीसाठी म्हणून आणखी एक पीळ देऊ नका; तुमच्यावर आज ही वेळ बहुधा तशाच कोणीतरी दिलेल्या जास्तीच्या पिळामुळे आली आहे.