टाइमटेबल चार महिन्यांचं नको, एका आठवड्याचं कर

प्रश्न: ताई, मी २५ वर्षांची आहे, डोंबिवलीला राहते, ऐरोलीला एका कंपनीत बॅक ऑफिसला आहे. सकाळी आठला घर सोडते ते ठाण्याला गाडी बदलून वगैरे रात्री साडेआठला परत. यंदा एमबीए सीईटी, म्हणजे राज्याची एमबीए प्रवेश परीक्षा, द्यायचीच असं ठरवलंय, चार महिने आहेत हातात. यूट्यूबवर एका टॉपरचं रोज सहा तासांचं टाइमटेबल बघितलं आणि तेच भिंतीवर लावलं, पहाटे चारला उठायचं, पण चौथ्याच दिवशी बोऱ्या वाजला. आता ते बघून नुसतं अपराधी वाटतं. आई म्हणते नोकरी सोड. मुंबईच्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटचं स्वप्न आहे. मला झेपेल असं काहीतरी बनवून द्याल का?

उत्तर: आधी ते भिंतीवरचं काढ, आजच. ते ज्याचं आहे त्याचा दिवस वेगळा, तुझा वेगळा, बारा-साडेबारा तास घराबाहेर असणाऱ्या माणसाला पहाटे चारला उठवणारं टाइमटेबल तीन दिवस टिकलं हेच खूप झालं. आणि नोकरी सोडू नकोस गं. त्यापेक्षा ऑफिसची रजा साठवून ठेव आणि परीक्षेआधीच्या आठ-दहा दिवसांत घे, तिथे ती खरी कामाला येईल.

आता हिशोब बघ. सकाळी सहा ते सात एक तास, रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास, शनिवारी तीन तास, रविवारी पाच. आठवड्याचे साडेपंधरा झाले, म्हणजे चार महिन्यांत अडीचशेच्या वर. हे कमी नाहीत, फक्त ते कशात घालायचे ते कळलं पाहिजे, आणि ते टॉपरच्या टाइमटेबलमध्ये लिहिलेलं नसतं कारण ते तुझ्या चुकांमध्ये असतं.

सीईटी म्हणजे २०० प्रश्न, १५० मिनिटं, एका प्रश्नाला ४५ सेकंद. लॉजिकल रीझनिंग ७५, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (आकृत्यांचे प्रश्न) २५, क्वांट (गणित) ५०, व्हर्बल (इंग्रजी) ५०, प्रत्येकाला एक मार्क आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. गणितं तशी अवघड नसतात, बरीचशी दहावीपर्यंतची, त्यामुळे 'सगळा सिलॅबस संपवला की मग मॉक (सराव परीक्षा) देईन' हे मला अजिबात पटत नाही, सिलॅबस संपवून बसलेली कितीतरी मुलं १५०व्या मिनिटाला पन्नास प्रश्न न बघताच उठतात. पहिला मॉक ह्याच रविवारी दे. मार्क कमी येतील, येऊ देत.

मॉक अडीच तासांचा, आणि त्याचं अ‍ॅनालिसिस किमान तेवढाच वेळ, रविवारचे पाच तास तिथेच गेले. एक साधी वही कर. चुकलेल्या प्रश्नाचं सोल्युशन उतरवत बसायचं नाही, फक्त कारण लिहायचं: येत नव्हतं, येत होतं पण वेळ खाल्ला, घाईत चुकलं, किंवा उगाच हात घातला. हे चौथं कारण सगळ्यात महत्त्वाचं. समज गोल टेबलाभोवती आठजण बसलेत, काही आत तोंड करून काही बाहेर, त्यावर पाच प्रश्न. पाच प्रश्नांचा तुझा वाटा पावणेचार मिनिटं. तुला सहा लागली तर पाचही बरोबर आले तरी सव्वादोन मिनिटं जास्त गेली, म्हणजे पुढचे तीन सोपे प्रश्न हातचे गेले. म्हणून आधी सगळ्या अटी एकदा वाच, एक तरी माणूस पक्का बसवता येतोय का बघ, नुसतं 'अमुक तमुकच्या शेजारी नाही' असंच असेल तर सरळ पुढे जा, शेवटी वेळ उरला तर ये. हे सोडायला शिकणं हीच अर्धी तयारी आहे आणि ते घड्याळ लावल्याशिवाय येत नाही.

रविवारी रात्री वही उघडायची आणि पुढच्या सहा दिवसांचं टाइमटेबल त्यातूनच काढायचं. वेळ-काम-वेग तीनदा चुकलंय? सोमवार-मंगळवार सकाळ तेच. सिलॉजिझम (विधानांवरून निष्कर्ष काढायचे प्रश्न) बरोबर येतायत? मग त्या आठवड्यात हात लावायचा नाही, आवडतं म्हणून सुद्धा नाही. अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या आकृत्या ठाणे-ऐरोली गाडीत बसायला मिळालं की रोज दहा, मोबाईलवर, घड्याळ लावून. रात्रीच्या अर्ध्या तासात नवीन काही नको, डोकं दमलेलं असतं, सकाळी चुकलेलंच परत सोडव. आणि एखादा दिवस बुडाला तर तो 'भरून' काढायचा नाही, पुढचा दिवस जसा लिहिलाय तसाच.

पेपरात सेक्शनला वेगळी वेळ बांधलेली नसते, म्हणून वाटणी तुझी तूच ठरव. सुरुवातीला लॉजिकल ६५ मिनिटं, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट १२, क्वांट ४०, व्हर्बल २८ असं धरून बघ, म्हणजे शेवटची पाच उरतात, त्यात राहिलेल्या सगळ्या प्रश्नांना काहीतरी मार्क करायचं. एकही कोरा सोडायचा नाही. चार-पाच मॉकनंतर ही वाटणी तुझ्या अंगाप्रमाणे बदलेल. आणि आईला ही वही दाखव, लेक काय करतेय ते कळलं की नोकरी सोड म्हणणं आपोआप कमी होईल.

प्रश्न: मॅडम, मी कोल्हापूरचा, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. कॅट (आयआयएमची प्रवेश परीक्षा) आणि सीईटी दोन्ही द्यायच्यात, पण इंग्रजी पॅसेज वाचताना फार वेळ जातो. दोन्हीचा अभ्यास वेगवेगळा करू का?

उत्तर: वेगवेगळा नको, एकामागून एक कर. कॅट नोव्हेंबरच्या शेवटी असते, तोवर क्वांट, डीआय (तक्ते-आलेखांवरचे प्रश्न) आणि पॅसेज यावर जोर दे, ते सीईटीलाही उपयोगी पडतंच. त्यानंतर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, जे कॅटमध्ये नसतंच, आणि स्पीड. सवय मात्र बदलावी लागेल: कॅटमध्ये तीन सेक्शन, प्रत्येकी ४० मिनिटं बांधलेली, पर्यायवाल्या प्रश्नात चुकलं की एक मार्क वजा, तिथे अंदाजपंचे टिक करणं महागात पडतं. सीईटीत उलटं. त्यामुळे कॅट झाली की एक आठवडा फक्त सीईटीच्या मॉकला ठेव.

इंग्रजीसाठी रोज एक संपादकीय वाच आणि वाचून झालं की त्यात काय म्हटलंय ते दोन वाक्यांत मोठ्याने मराठीत सांग, मित्राला, बहिणीला, कुणालाही. सांगता आलं नाही तर फक्त तेवढाच परिच्छेद परत. शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा हे खूप बरं, कारण पॅसेजमध्ये वेळ शब्दांनी जातो त्याहून जास्त तीच ओळ तिसऱ्यांदा वाचण्यात जातो. आणि बीकॉमकडे दुर्लक्ष नको, सीईटीतून अ‍ॅडमिशनला खुल्या गटाला पदवीला किमान ५० टक्के लागतात, महाराष्ट्रातल्या मागासवर्गीयांना ४५, त्यामुळे कॉलेजच्या परीक्षेच्या दिवसांत मॉक सरळ बंद ठेव आणि रोज फक्त ते एक संपादकीय चालू दे.