बागडणे : बागेतलं की गोठ्यातलं?

आटपाडीच्या एका शिक्षिकेने विचारलंय : "'बागडणे' हा शब्द 'बाग'वरून आला, असं वर्गातली मुलं सांगतात. खरं आहे का? आणि 'हुंदडणे' म्हणजे तेच का?"

मुलांना तसं वाटणं साहजिक आहे. फुलपाखरू बागेत बागडतं, हे वाक्य निबंधांतून इतकं घोटलं गेलंय की दोन्ही शब्द एकाच देठाचे वाटतात. पण 'बाग' फारसीतून आला. त्याच्या गोतावळ्यातले बागायत, बागाईतदार, बागवान हे शब्द बघा, सगळे लागवडीला बांधलेले. उड्यांचा त्यांत मागमूस नाही. शिवाय बागडायला बाग लागतेच कुठे? पोरं ओसरीवर बागडतात, करडं माळावर.

माझा कल संस्कृत 'वल्ग्' धातूकडे आहे. अर्थ उड्या मारणे, उसळत जाणे. घोड्याच्या दौडीलाही तो वापरत. प्राकृतात त्याचं 'वग्गइ' झालं. आपली 'वल्गना' याच घरची. मराठीत तिच्या फक्त तोंडाच्या उड्या उरल्या! लगाम या अर्थाचा 'वल्गा' हिंदीत 'बाग' झाला, 'बागडोर'मधला, म्हणजे ध्वनींची ही वाट मळलेली आहे. अडचण एकच. मराठी सहसा 'व' सोडत नाही. हिंदीचा 'बाघ' आपल्याकडे 'वाघ'च राहतो. इथे 'ब' कसा आला? बगीचा या अर्थाचा 'बाग' हा ओळखीचा शब्द शेजारी असल्यामुळे तोंडाला तसं वळण लागलं असावं, असं मला वाटतं. हा तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्यावा.

अर्थ मात्र तुमच्याच माणदेशात रोज बघायला मिळतो. धार काढून झाली की खिलार गाईच्या वासराचं दावं सोडतात. टाळूवरची तांबूस झाक अजून गेलेली नसते. ते चार ढुशा देऊन दूध पितं, क्षणभर थबकतं आणि एकदम शेपूट ताठ करून चारी खूर जमिनीवरून उचलतं. उडी पुढे घ्यायची सोडून आडवीच घेतं, वळतं, पुन्हा आईला येऊन भिडतं. म्हातारी माणसं म्हणतात, "कानात वारं शिरलंय त्याच्या." हे बागडणं. त्याला कुठे पोचायचं नसतं, आणि ते आईच्या नजरेबाहेरही जात नाही.

हुंदडण्याला हद्द नसते. "दिवसभर गावभर हुंदडतंय कार्टं" यात तक्रार आहे. आई "हुंदडू नको" म्हणून ओरडते. "बागडू नको" असं दटावलेलं मी तरी कधी ऐकलं नाही. 'उंडारणे' त्याच्याही पुढचं. राखण नसलेली जनावरं रानोमाळ फिरतात, ते उंडारणं. तिथे उडीही नाही नि खेळही नाही.

तेव्हा फुलपाखरू बागेत खुशाल बागडू द्या. वर्गात अर्थ सांगताना मात्र आधी वासरू सांगा. खरसुंडीच्या जत्रेतला जनावरांचा बाजार पाहिलेल्या पोरांना फोड करून सांगावी लागणार नाही.