घरी सगळे ऐकता येते, मग मैफलीला कशाला जायचे?

प्रश्न : माझे सासरे सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. घरी कॅसेटींनी भरलेले कपाट आहे आणि नातवाने त्यांना फोनवर हवा तो राग लावायलाही शिकवले आहे. तरीही डिसेंबरात तानसेन समारोह आला की कानटोपी, शाल आणि चहाचा थर्मास घेऊन ते शहराच्या लष्कर भागातून हजीऱ्याला, तानसेनाच्या समाधीपाशी, जातात आणि रात्री उशिरा खोकत परततात. जे गाणे अंथरुणात बसून ऐकता येते, त्यासाठी हा अट्टाहास का? गंमत म्हणजे घरी आल्यावर ते गवयापेक्षा शेजारी बसलेल्या श्रोत्याविषयीच अधिक बोलतात.
– एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : शेवटचे वाक्य आपण जाता जाता लिहिले असावे, पण उत्तर तिथेच दडलेले आहे. ध्वनिमुद्रणातले गाणे होऊन गेलेले असते. ऐकणाऱ्याने मान डोलावली काय किंवा मध्येच उठून भाजी आणली काय, त्यातली एकही तान बदलत नाही. बैठकीतले गाणे मात्र अजून व्हायचे असते. आपल्या ग्वाल्हेर गायकीतला विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल पुष्कळदा तिलवाडा तालात असतो. सोळा मात्रांच्या त्या आवर्तनात गवई बोलांशी खेळत इतका लांब जातो की, मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) पकडायला आता जागा उरली आहे की नाही, अशी शंका श्रोत्यांना येऊ लागते; कुणी मांडीवर बोटे मोजत असतो, कुणी तबलजीकडे पाहत असतो, आणि गवई अलगद समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, उतरला की पुढच्या रांगेपासून मागच्या सतरंजीपर्यंत सगळ्या माना एकदम खाली येतात. हे गवयाला दिसत असते. एखाद्या जागेला दाद मिळाली, तर तीच जागा तो निराळ्या अंगाने पुन्हा घेतो. मिळाली नाही, तर बहुधा सोडून देतो. शेजारच्या जाणत्या माणसाने कुठे ‘वा’ म्हटले, यावर पुढचा अर्धा तास कसा जाईल हे ठरू शकते. सासरे त्या माणसाविषयी बोलतात, तेव्हा ते गाण्याविषयीच बोलत असतात.

गाणे यंत्रात साठवता येऊ लागल्यावर मैफली ओस पडतील, ही भीती जुनी आहे. कोलकात्यात 1902 साली गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत असत. तेवढ्यात ख्याल कसा रंगणार, म्हणून लोक बैठकीला जातात, असे त्या काळी म्हणता आले असते. आज खिशातल्या फोनवर तीन-तीन तासांची मैफल मावते आणि तरीही हजीऱ्याला माणसे थंडीत बसतात, तेव्हा अडचण केवळ मिनिटांची नव्हती, हे उघड आहे.

आवाजाचाही भाग आहेच. तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची, तार छेडली की तिचा पाया फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून जवळजवळ गळून पडतो आणि कानाला वरचे स्वरांशच मिळतात. समोर बसले की तोच खर्ज छातीत जाणवतो. शिवाय उघड्यावरच्या रात्री तारा आणि तबल्याची पुडी, म्हणजे वरचे चामडे, सारखी उतरत-चढत असतात. गवई गाणे थांबवून खुंटी पिळतो, मणी सरकवतो, तबलजी हातोडीने पुडी ठोकून सुरात आणतो, आणि जुळले की शेकडो माणसांत क्षणभर जी शांतता पसरते, ती ध्वनिमुद्रणातून बहुधा कापूनच टाकलेली असते. (अलीकडे ध्वनिवर्धक इतके मोठे लावतात की हा नाजूकपणा त्यात बुडतो, ही माझी तक्रार आहे, आपल्या सासऱ्यांचीही असेल.)

ग्वाल्हेरकरांच्या बाबतीत जागेचाही मोह धरावा लागेल. हा समारोह 1924 साली सुरू झाला आणि 2024 साली त्याचे शंभरावे वर्ष साजरे झाले. पहिल्या दिवशी सकाळी समाधीपाशी ढोलीबुवा या कीर्तनकारांची हरिकथा आणि मिलाद, म्हणजे मुस्लिम परंपरेतले पैगंबरांचे स्तुतिपठण, अशी दोन्ही होतात. जवळच ती चिंच, जिचा पाला खाल्ल्याने गळा गोड होतो असे गाणारी मंडळी मानत आली.

खोकल्याचे म्हणाल, तर समारोहात सकाळच्याही सभा असतात. रात्र एखादीच ठेवून बाकी सकाळी जावे, असे त्यांना सुचवून पाहा. मात्र एखाद्या संध्याकाळी आपणही सोबत जा.

प्रश्न : मला राग ओळखता येत नाहीत. मैफलीत दाद चुकीच्या ठिकाणी गेली तर हसे होईल, या भीतीने मी जात नाही. काय करावे?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : तबलजीचे हात दिसतील अशा बाजूला बसावे आणि पहिला अर्धा तास फक्त सम शोधावी. रागाचे नाव शेजाऱ्याला हळूच विचारले तरी चालते. सांगण्यात त्यालाच अधिक आनंद होतो.