‘इतकं लागतं, तर विनोद करतेसच कशाला?’

हा प्रश्न तिला नवऱ्याने विचारला होता. खवचटपणे नाही, काळजीने. म्हणून तो जास्तच लागला. तिशी नुकतीच ओलांडलेली ही बाई दिवसा हिशेबाची नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी दीड-दोन मिनिटांचे विनोदी व्हिडिओ बनवते. तिचं गाजलेलं पात्र म्हणजे ‘सर्वज्ञ दादा’. हा दादा वैमानिक बाईला विमान कसं उडतं ते समजावतो, बाळंतिणीला कळा कशा येतात ते सांगतो, आणि समोरचीने तोंड उघडलं की म्हणतो, ‘थांब, सोपं करून सांगतो.’ एक व्हिडिओ फिरला आणि ९ दिवसांत ८०० चे ६०,००० फॉलोअर झाले. त्यानंतर पाच आठवड्यांनी ती माझ्याकडे समुपदेशनाला आली. लोकांना हसवते, पण व्हिडिओखालच्या चार बोचऱ्या कमेंट हसून सोडून देता येत नाहीत, म्हणजे आपला आत्मविश्वास खोटाच का, हा तिचा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि अशा दोन-तीन जणींचे अनुभव इथे एकत्र केले आहेत.)

विनोदी बाईची कातडी जाड असणार, असं सगळे गृहीत धरतात, बाई स्वतःसुद्धा. खरं तर माणसाच्या बोलण्यातला बारीक तोरा जिला ऐकू येतो, तिलाच तो पात्रात उतरवता येतो. कमेंटही ती त्याच कानाने वाचते. तो कान बंद करायला सांगितलं, तर आधी सर्वज्ञ दादा जाईल.

पहिल्या भेटीत ‘काय लिहितात?’ हे विचारलंच नाही. ‘कधी वाचता?’ असं विचारलं. उत्तर होतं, रात्री साडेअकरा ते एक, अंथरुणात, आडवं पडून. झोप जेमतेम पाच तास. भूक बरी, कामावर लक्ष कमी, जीव नकोसा वाटण्याचे विचार नाहीत. हे आधी पाहावंच लागतं, आणि धमक्यांचंही. कुणी घरचा पत्ता, येण्याजाण्याच्या वेळा किंवा मुलांची नावं लिहीत असेल, तर आत्मविश्वासाची चर्चा बाजूला ठेवून आधी सुरक्षेचं बघायचं.

मग गृहपाठ. शेवटच्या १०० कमेंट, त्याही गाळीव नव्हे, आहेत त्या क्रमाने, दुपारच्या उजेडात, कागदावर पाच ढिगांत लावायच्या: कौतुक, इकडची-तिकडची, मुद्द्याला विरोध, टोमणे, धमकी. तिचा अंदाज होता की निम्मे टोमणे निघतील. निघाले १७. कौतुक आणि इकडची-तिकडची मिळून ७४, विरोध ७, धमक्या २. त्या १७ टोमण्यांची खाती मोजली, तर नऊच. एका गृहस्थाने एकट्याने पाच लिहिले होते, वेगवेगळ्या व्हिडिओंखाली, बहुधा जुने शोधून शोधून. ‘हा माझ्या आईपेक्षा जास्त व्हिडिओ बघतो,’ ती म्हणाली. पाच आठवड्यांतला हा तिचा पहिला न लिहिलेला विनोद असावा.

पण ढीग लावून दुखणं जात नाही. १७ पैकी तिला पाठ होता एकच: ‘हिचा आरसा तरी हिला हसतो का?’ बाकीच्यांत याहून घाणेरडे शब्द होते, ते ती विसरली होती. कारण शोधायला वेळ लागला नाही. शाळेच्या नाटकात तिला कायम ‘विनोदी काकू’ मिळायची, नायिका कधीच नाही, आणि का ते तिला न सांगता कळायचं. अनोळखी माणसाचा बाण अंधारातलाच असतो. जुन्या जागी लागला की तो नेम धरून मारल्यासारखा वाटतो. त्यामुळे ‘सगळ्यात जास्त काय लागलं?’ एवढ्यावर न थांबता ‘असं आधी कोण म्हणालं होतं?’ हेही विचारावं. काम बरंच पुढे सरकतं.

‘पण या टोमणेवाल्यांना होतं काय? मी दादाला हसले, त्यांना कुठे हसले?’ असं तिने विचारलं. यावर तिला एक अभ्यास सांगितला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मायकेल कासुमोविक आणि जेफ्री कुझ्नेकॉफ या संशोधकांनी ‘हॅलो ३’ या व्हिडिओ गेममधले संवाद तपासले. खेळाडूचा आवाज कधी बाईचा, कधी पुरुषाचा, बोलणं तेच. बाईच्या आवाजावर जास्त तुटून पडले ते कच्चे खेळाडू. जे चांगलं खेळत होते ते तिच्याशी बरे वागले. आपल्या पायरीवरून घसरण्याची भीती ज्याला जास्त, त्याला खालून येणारी बाई खुपते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. यावरून प्रत्येक टोमणेवाला आयुष्यात हरलेला आहे, असं मानू नये. तो एका खेळातला एक अभ्यास आहे, आणि मोठ्या हुद्द्यावरचे लोकही घाण लिहितात. उपयोग एवढाच की कमेंट वाचताना ‘माझ्यात काय वाईट?’ याच्या जोडीला ‘याला काय जपायचंय?’ हा दुसरा प्रश्न हाताशी येतो. तिला तर त्यात नवं पात्रच दिसलं.

खरी गाठ सापडली ती तिच्या संहितांमध्ये. प्रसिद्धीआधीच्या सात आणि नंतरच्या पाच अशा बारा संहिता तिने आणल्या. आधीच्या सातांत स्वतःवरची चेष्टा एकदाच होती, सहज आलेली. नंतरच्या पाचही संहितांत ती पहिल्या दहा सेकंदांत होती. ‘नमस्कार, मी तीच, जिचा चेहरा बघून तुम्ही पुढे सरकवता.’ तिच्या मते हीच आत्मविश्वासाची खूण: मीच आधी म्हटलं की त्यांची तोंडं बंद.

मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या. माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला बोचणारा आणि स्वतःला खाली ओढणारा. पहिल्या दोन तऱ्हांची संगत मनाच्या बऱ्या तब्येतीशी दिसते. शेवटची खिन्नतेच्या आणि कमी आत्मसन्मानाच्या शेजारी सापडते. गंमत म्हणजे बाहेरून सावरणारा आणि ओढणारा हे दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हींत बाई स्वतःवर हसते आणि लोक टाळ्या वाजवतात.

तिच्या बाबतीत तीन ठिकाणी बिघडत होतं. पहिलं, त्या वाक्याने टोमणेवाल्यांना विषय आयता मिळत होता. ‘चेहरा’ हा शब्द त्यांच्याआधी तीच काढत होती. दुसरं, आपण १० सेकंदांचं वाक्य एकदाच म्हणतो असं वाटतं, पण ती ते पाठ करताना, पंधरा-वीस टेकमध्ये आणि मग कापाकापी करताना पुन्हा पुन्हा ऐकत होती. कुठल्याही ट्रोलने तिला इतक्या वेळा ते ऐकवलं नव्हतं. तिसरं, प्रेक्षकातल्या बायका त्यावर हसत नव्हत्या. ‘असं नको ना म्हणू ताई’ अशा कमेंट त्या कौतुकाच्या ढिगात पडून होत्या.

स्वतःवर हसूच नये, असा याचा अर्थ नाही. अशी प्रत्येक ओळ तीन प्रश्नांतून काढायची. एक: कमेंट बंद असत्या, तर ही ओळ लिहिली असती का? दोन: ओळीत माझ्याशिवाय दुसरं कोणी आहे का, जगाचं काही दिसतं का? तीन: हीच ओळ मैत्रिणीने स्वतःबद्दल म्हटली, तर मी हसेन की तिचा हात धरेन? दोन प्रश्नांना अडखळली की ओळ पुन्हा लिहायची. ‘चेहरा’वाली तिन्हींना अडखळली. नवी अशी झाली: ‘एकाने लिहिलंय, चेहरा बघून पुढे सरकवलं. म्हणजे सरकवलं, थांबले, परत आले, लॉगइन केलं, लिहिलं. माझ्या ऑफिसात इतकं काम कुणी करत नाही.’ विषय तोच, पण आता हसू कमेंटवाल्याच्या खटाटोपावर येतं.

प्रसिद्धीबद्दल तिचं एक पालुपद होतं: ‘तुक्का लागला, पुढच्या व्हिडिओत उघडी पडेन.’ यश मिळूनही आपण फसवतोय असं वाटण्याबद्दल पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच लिहिलं, तेही कर्तबगार बायकांना भेटून. तिला तेवढं सांगून पुढे गेलो, कारण तुक्का होता की नाही हे ठरवायचं साधन तिच्याकडे होतंच: त्या व्हिडिओआधीचे तीन वर्षांचे कच्चे मसुदे.

कमेंटची व्यवस्था मात्र पहिल्या फेरीत फसली. ‘अजिबात वाचायच्या नाहीत’ असं तिने स्वतः ठरवलं. तिसऱ्या रात्री नवऱ्याच्या फोनवरून वाचल्या. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांचा १९८७ चा प्रयोग हेच सांगतो: पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटलं की तोच विचार जास्त येतो. मग बंदी काढली आणि वेळ बांधली. दुपारी एक आणि संध्याकाळी सहा, १५-१५ मिनिटं, खुर्चीत बसून, लॅपटॉपवर. व्हिडिओ टाकल्यावरचा पहिला तास मैत्रिणीने सांभाळायचा. तेव्हा उत्तरं देणं व्हिडिओच्या दृष्टीने महत्त्वाचं मानलं जातं आणि तेव्हाच हिचं मन सगळ्यात हळवं.

शब्द गाळायची सोय इन्स्टाग्राम आणि यूट्यूब दोन्हींवर आहे. चूक होते ती एकेक शब्द एकाच रूपात टाकण्यात. तोच शब्द देवनागरीत, रोमन लिपीत, मधे टिंब किंवा चांदणी घातलेला, मुद्दाम चुकीचा, असा चार-पाच रूपांत टाकावा लागतो. ‘जाडी’ गाळला तर चांगल्या वाक्यातलाही गाळला जातो, म्हणून लपलेल्या कमेंट आठवड्यातून एकदा कुणीतरी चाळायच्या; तिने स्वतः नाही. एक-दोनदा टोचून जाणाऱ्यांना इन्स्टाग्रामवर ‘रिस्ट्रिक्ट’ करावं: त्यांची कमेंट त्यांनाच दिसते, इतरांना नाही, आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. रिकाम्या सभागृहात भाषण चालू राहतं. ब्लॉक घाणेरड्यांसाठी आणि हटून बसलेल्यांसाठी. धमकी असेल तर ब्लॉकच्या आधी स्क्रीनशॉट: खात्याचं नाव, लिंक, तारीख, वेळ, आणि वरच्या-खालच्या ओळी. नंतर त्या हाती लागतीलच असं नाही.

ट्रोलला जाहीर उत्तर आठवड्यातून फार तर एक, तेही लिहून एक रात्र मुरवून. नाव आणि फोटो झाकायचे. एकदा तिने नावासकट लावलं, तेव्हा तिचे चाहते त्या खात्यावर तुटून पडले, आणि ते निघालं चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचं. ती दोन दिवस झोपली नाही. या वेळी ट्रोलमुळे नव्हे.

नवऱ्याला एका भेटीत वीस मिनिटं बोलावलं. ‘दुर्लक्ष कर’ या सल्ल्याऐवजी त्याने एवढंच विचारायचं: ‘ऐकू, की डिलीट करू?’ तो म्हणाला, ‘एवढंच?’ एवढंच.

सातव्या भेटीपर्यंत झोप साडेसहा तासांवर आली होती. टोमणा लागायचा तसाच लागतो. पूर्वी दोन दिवस टिकायचा, आता बहुतेकदा संध्याकाळपर्यंत. राहिला प्रश्न आईचा. आई रोज सगळ्या कमेंट वाचते आणि स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोटोसकट उत्तरं देते: ‘बाळा, तू असं लिहितोस हे घरी माहीत आहे का?’ तिच्या या ओळीला लेकीच्या विनोदांपेक्षा जास्त लाइक आहेत, त्यामुळे ती थांबायला तयार नाही. सातव्या भेटीतली शेवटची दहा मिनिटं आईचं खातं खासगी करण्यात आणि तिच्या प्रोफाइलवरून फोन नंबर काढण्यात गेली.